कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर घेताना: केबल, कार्ड रीडर आणि कार्ड पुसण्याआधीची तपासणी

कॅमेऱ्याने काढलेला फोटो लॅपटॉपवर येईपर्यंत त्याची जगात एकच प्रत असते, आणि तीही पोस्टाच्या तिकिटाएवढ्या प्लास्टिकच्या कार्डात. लॅपटॉपवर फोटो घेतल्यावर आपण ते कार्ड लगेच रिकामं करतो. म्हणजे कॉपी सुरू झाल्यापासून कार्ड पुसेपर्यंतचा वेळ फार जपण्याचा असतो. काम अवघड नाही, पण ते कोणत्या क्रमाने करायचं हे ठरलेलं असलं पाहिजे.

केबल की कार्ड रीडर?

दोन्हींनी काम होतं. तरी शक्य असेल तिथे कार्ड रीडरच वापरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. केबलने जोडल्यावर कॅमेरा पूर्ण वेळ चालू ठेवावा लागतो. बॅटरी संपत आलेली असेल तर तो मध्येच बंद पडतो आणि अर्धीच कॉपी हाती लागते. रीडरला विजेची सोय लॅपटॉपकडूनच होते. शिवाय रीडरमधलं कार्ड लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखं दिसतं, त्यामुळे त्यातली सगळी फोल्डर उघडून बघता येतात.

वेगातही फरक पडतो. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचा पोर्ट यूएसबी २.० चा असतो. त्याचा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळाले तरी पुष्कळ. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (जेपेग न बनवता कॅमेऱ्याने जशीच्या तशी साठवलेली मूळ माहिती) साधारण ३० एमबीची धरली, तर ८०० फोटोंचे २४ जीबी होतात आणि या वेगाने त्यांना बारा मिनिटांच्या आसपास लागतात. तेच कार्ड यूएसबी ३.० च्या रीडरमध्ये घालून सेकंदाला ९० एमबीचा वेग मिळाला, तर काम साडेचार मिनिटांत होतं. कार्डावर रोमन एक आकडा छापलेला असेल तर ते यूएचएस-१ प्रकारचं असतं आणि त्याची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी असते. रोमन दोन असेल तर मर्यादा ३१२ एमबी. अशा कार्डाच्या मागे धातूच्या पट्ट्यांची दुसरी ओळ दिसते. मात्र रीडरही त्याच प्रकारचा नसेल तर ती दुसरी ओळ वापरलीच जात नाही आणि महागाचं कार्ड साध्या कार्डाच्या वेगाने चालतं.

रीडर घेताना कार्डाचा प्रकार बघून घ्या. एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंत असतं, त्यापुढचं २ टीबीपर्यंतचं एसडीएक्ससी. खूप जुन्या रीडरला एसडीएक्ससी ओळखता येत नाही. मायक्रोएसडी असेल तर अडॅप्टर लागतो. सीएफएक्सप्रेस कार्डाला त्याचा स्वतःचा रीडर हवा, आणि त्यातही टाइप ए आणि टाइप बी आकाराने वेगळे, एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

केबलशिवाय इलाज नाही असेही प्रसंग येतात. रीडर जवळ नाही, किंवा कार्डाच्या खाचेचं झाकण नीट उघडत नाही. काही छोट्या कॅमेऱ्यांत थोडी अंतर्गत मेमरी असते. कार्ड घालायचं राहून गेलं आणि फोटो काढले, तर ते तिथे साठतात. कार्ड काढून कितीही शोधलं तरी ते सापडणार नाहीत. कार्ड बाहेर ठेवून कॅमेरा केबलने जोडला की दिसतात.

केबल जोडली, पण लॅपटॉपवर काहीच दिसत नाही

आधी केबलवर संशय घ्या. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. कॅमेऱ्यावर चार्जिंगचा दिवा लागतो, म्हणून केबल चांगली आहे असं वाटतं, आणि माणूस तासभर सेटिंग बदलत बसतो. पारख सोपी आहे: तिचं टोक फोनला बसत असेल तर तीच केबल लावून फोनमधल्या फाइली लॅपटॉपवर दिसतात का ते बघा. नाही तर फाइली नक्की जातात अशी दुसरी केबल कॅमेऱ्याला लावून बघा.

केबल चांगली असेल तर कॅमेऱ्याच्या मेनूत यूएसबी कनेक्शनचं सेटिंग शोधा. तिथे बहुधा ‘मास स्टोरेज’, ‘एमटीपी’ किंवा ‘पीटीपी’, आणि ‘पीसी रिमोट’ असे पर्याय असतात. मास स्टोरेजमध्ये कॅमेरा साध्या ड्राइव्हसारखा दिसतो. एमटीपी आणि पीटीपीमध्ये लॅपटॉप कार्ड स्वतः वाचत नाही. तो कॅमेऱ्याकडे एकेक फाइल मागतो आणि कॅमेरा ती देतो. म्हणून अशा वेळी ड्राइव्हचं अक्षर दिसत नाही, विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये कॅमेऱ्याचं नाव दिसतं. मॅकवर तर फाइंडरमध्ये काहीच येत नाही. ‘इमेज कॅप्चर’ किंवा ‘फोटोज’ उघडावं लागतं. पीसी रिमोट हा पर्याय लॅपटॉपवरून कॅमेरा चालवण्यासाठी आहे. तो चुकून निवडलेला असेल तर फोटो दिसत नाहीत.

यानंतरही अडलं तर यूएसबी हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावा आणि कॅमेरा एकदा बंद करून चालू करा. स्वतःहून बंद होण्याची वेळ एक मिनिटाची असेल तर ती वाढवून ठेवा.

लॅपटॉपला लावण्याआधी खटका खाली

एसडी कार्ड लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे येईल असं धरा. डाव्या कडेला एक बारीकसा सरकणारा खटका दिसेल, शेजारी ‘लॉक’ असं लिहिलेलं. तो खाली सरकवला की कार्ड वाचता येतं, पण त्यावर काही लिहिता किंवा त्यातलं पुसता येत नाही. लॅपटॉपमध्ये घालण्याआधी खटका खाली करायची सवय लावली, तर चुकून डिलीट दाबलं तरी फोटो जात नाहीत. मॅक कार्डावर स्वतःच्या लपलेल्या फाइली टाकतो, त्याही टळतात.

मात्र एक मर्यादा ध्यानात असू द्या. खटक्याच्या आत कोणतंही सर्किट नाही. कार्डाला स्वतःला आपण बंद आहोत हे कळतही नाही. रीडरमधली बारीक कळ तो खटका कुठे आहे ते चाचपते. काही रीडरांत ती कळच नसते, तिथे हे संरक्षण मिळत नाही. उलट, खटका सैल झालेला असेल तर कार्ड आत सरकवताना तो आपोआप खाली जातो आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणून अडून बसतो. असं वरचेवर होऊ लागलं की कार्ड बदललेलं बरं.

कार्डाच्या आत काय असतं

कार्ड उघडलं की सगळ्यात आधी ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर दिसतं. कोणत्याही कंपनीचा कॅमेरा घ्या, हे नाव तेच असतं, कारण ते डीसीएफ नावाच्या सामाईक नियमातून आलं आहे. त्याच नियमाने आतल्या फोल्डरांना १०० ते ९९९ पर्यंतचा आकडा आणि पुढे पाच अक्षरं मिळतात, उदाहरणार्थ ‘१००कॅनन’. फाइलच्या नावात चार अक्षरं आणि चार आकडे असतात: ‘आयएमजी_०४३७’. रॉ आणि जेपेग दोन्ही चालू असतील तर एकाच आकड्याच्या दोन फाइली दिसतात. त्या एकाच फोटोच्या आहेत, दोन्ही घ्या. कार्डावर असतानाच नावं बदलू नका. नियमाबाहेरचं नाव दिसलं की कॅमेरा तो फोटो दाखवत नाही.

चारच आकडे असल्यामुळे एक अडचण हमखास येते. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. कॅमेऱ्याच्या मेनूत फाइल क्रमांकासाठी ‘कंटिन्युअस’ऐवजी ‘रीसेट’ निवडलेलं असेल, तर कार्ड फॉर्मॅट केल्यावर मोजणी ०००१ पासूनच सुरू होते. म्हणजे वर्षभरात एकाच नावाचे अनेक वेगवेगळे फोटो तयार होतात. आता समजा, लॅपटॉपवर सगळे फोटो एकाच ‘कॅमेरा’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची सवय आहे. नवे फोटो पेस्ट करताच विंडोज विचारतं की या नावाच्या फाइली आधीच आहेत, त्या बदलायच्या का? घाईत ‘रिप्लेस’ दाबलं जातं आणि गेल्या सहलीच्या फोटोंवर या सहलीचे फोटो बसतात. असे दबले गेलेले फोटो रीसायकल बिनमध्येही जात नाहीत. हा प्रश्न स्क्रीनवर आला की ‘रिप्लेस’ कधीच दाबू नका. थांबा आणि नवं फोल्डर करा.

व्हिडिओ शोधताना नुसतं डीसीआयएम बघून चालत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते ‘प्रायव्हेट’ नावाच्या शेजारच्या फोल्डरमध्ये तीन-चार पायऱ्या आत असतात. एव्हीसीएचडी या प्रकारात साठवलेले व्हिडिओ ‘प्रायव्हेट’, ‘एव्हीसीएचडी’, ‘बीडीएमव्ही’, ‘स्ट्रीम’ या वाटेने सापडतात. फक्त डीसीआयएम कॉपी करून कार्ड पुसलं तर फोटो राहतात आणि व्हिडिओ जातात. म्हणून सगळ्यात सोपा नियम असा: कार्ड उघडल्यावर जे जे दिसतं ते सगळं घ्या. चार फालतू फाइली जास्त आल्या तर बिघडत नाही.

कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेलं असेल, आणि ३२ जीबीपर्यंतची कार्डं तशीच असतात, तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. ते सगळे तुकडे एकत्र, मूळ नावांनिशी ठेवा.

कॉपी करताना

लॅपटॉपवर पुरेशी जागा आहे का ते आधी बघा. ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९.६ जीबीच्या आसपास दिसतं. यात कार्डाचा दोष नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

मग नवं फोल्डर करा आणि नावाची सुरुवात तारखेने करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-०३-१४ वाढदिवस’. असं लिहिलं की नावानुसार लावलेली फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने बसतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १४ तारखा एकत्र येतात. या फोल्डरमध्ये कार्डावरचं सगळं कॉपी-पेस्ट करा. ‘कट’ वापरू नका. कटमध्ये फाइल लॅपटॉपवर लिहिली गेली की कार्डावरून पुसली जाते, आणि ती इकडे नीट उतरली का हे बघण्याआधीच मूळ प्रत गेलेली असते. तयार इम्पोर्ट प्रोग्रॅममध्ये ‘इम्पोर्ट झाल्यावर डिलीट करा’ अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढून टाका.

इम्पोर्ट प्रोग्रॅम वाईट नसतात. तारखेनुसार फोल्डर करणं, आधी घेतलेले फोटो वगळणं ही कामं ते चांगली करतात. पण ते कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबतात. बॅटरी काही महिने बाहेर राहिली तर बऱ्याच कॅमेऱ्यांचं घड्याळ जुन्या तारखेवर जातं आणि आजचे फोटो भलत्याच वर्षाच्या फोल्डरमध्ये पडतात. फोटो ‘गायब’ झाले असं वाटलं की आधी तिथे शोधा. मॅकच्या फोटोजमध्ये घेतलेले फोटो त्याच्या लायब्ररीत जातात, साध्या फोल्डरमध्ये दिसत नाहीत, हेही माहीत असू द्या.

वाय-फायने फोटो घेण्याची सोयही असते. दोन-चार फोटो कुणाला पटकन पाठवायचे तर ती उत्तम, सगळं कार्ड रिकामं करायला नाही. फोनच्या अ‍ॅपमधून घेत असाल तर आकाराचं सेटिंग नक्की बघा. काही अ‍ॅप मुळातच २ मेगापिक्सेलची छोटी प्रत पाठवतात. ती मूळ फोटो समजून कार्ड पुसलं तर मोठा फोटो परत मिळत नाही.

कॉपी झाली, आता तपासणी

हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली म्हणजे सगळं आलं असं धरून चालू नका. वाटेत एखादी फाइल वाचता आली नाही तर विंडोज ‘स्किप’ विचारतं, आणि आपण ते दाबून विसरून जातो.

कार्डावरची सगळी फोल्डर निवडा, उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. फाइलींची संख्या आणि ‘साइझ’पुढचा बाइटमधला लांब आकडा कुठेतरी लिहून घ्या. लॅपटॉपवरच्या नव्या फोल्डरमधली तीच फोल्डर निवडून तेच करा. दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत. त्याखाली ‘साइझ ऑन डिस्क’ असा आणखी एक आकडा असतो, तो बहुधा जुळत नाही. घाबरू नका. कार्ड आणि हार्ड डिस्क जागेचे ठोकळे वेगवेगळ्या मापाचे पाडतात, आणि शेवटचा ठोकळा अर्धा भरला तरी पूर्ण मोजला जातो, एवढाच तो फरक.

आकडे जुळले तरी काही फोटो पूर्ण आकारात उघडा: पहिला, शेवटचा, मधले पाच-दहा. छोट्या चौकटीतलं चित्र बघून समाधान मानू नका. जेपेग फाइलच्या सुरुवातीलाच त्या फोटोची एक चिमुकली प्रत साठवलेली असते आणि चौकटीत बऱ्याचदा तीच दिसते. फाइलचा खालचा भाग खराब असला तरी ही प्रत धडधाकट असते. फोटो मोठा केला की वरचा भाग ठीक आणि खाली करड्या रंगाचा पट्टा, असा प्रकार मगच उघड होतो. व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून बघा.

फोटो फार महत्त्वाचे असतील तर टेराकॉपीसारखं साधन कॉपीनंतर दोन्हीकडच्या फाइली पडताळून बघतं. फ्रीफाइलसिंकमध्येही मजकुरानुसार तुलना करता येते. मोजणीपेक्षा ही पडताळणी भरवशाची.

रॉ फाइल किंवा नव्या कॅमेऱ्याची एचआयएफ फाइल (जेपेगऐवजी वापरला जाणारा फोटोचा नवा प्रकार) उघडत नसेल तर ती खराब आहे असं लगेच ठरवू नका. बहुधा लॅपटॉपकडे तो प्रकार वाचण्याची सोय नसते. कॅमेरा कंपनीचा मोफत प्रोग्रॅम घालून पुन्हा बघा.

यानंतर दुसरी प्रत: बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर. लॅपटॉपवरचं फोल्डर क्लाउडशी सिंक होत असेल तर त्याला पूर्ण दुसरी प्रत मानू नका, कारण इकडे डिलीट केलं की तिकडूनही जातं.

कार्ड पुसणं

दोन ठिकाणी फोटो आहेत याची खात्री झाली की कार्ड ‘इजेक्ट’ करून काढा, खटका वर करा, कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेऱ्याच्या मेनूतूनच फॉर्मॅट करा. लॅपटॉपवर फॉर्मॅट करताना एनटीएफएससारखी पद्धत निवडली गेली तर कॅमेरा ते कार्ड वाचणार नाही. मॅकवर कार्डातले फोटो ट्रॅशमध्ये टाकले तर ते कार्डावरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. कार्ड रिकामं दिसतं आणि कॅमेरा मात्र जागा नाही म्हणतो.

कार्ड लावताच विंडोजने ‘हे वापरण्याआधी फॉर्मॅट करा’ असं म्हटलं तर ‘कॅन्सल’ करा आणि कार्ड परत कॅमेऱ्यात घालून बघा. तिथे फोटो दिसले तर कार्ड बरं आहे, रीडरला ते झेपत नाही. केबलने फोटो घ्या. कॅमेऱ्यातही दिसले नाहीत, किंवा कार्ड चुकून फॉर्मॅट झालं, तरी सगळं संपलेलं नसतं. साध्या फॉर्मॅटमध्ये बहुधा फाइलींची यादी पुसली जाते, मूळ फोटो त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जागेवर असू शकतात. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. ते बाजूला काढा, खटका खाली करा आणि फोटोरेकसारख्या मोफत साधनाने फाइली शोधा. सापडलेल्या फाइली लॅपटॉपच्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर नाही. नाहीतर सापडलेला फोटो न सापडलेल्यावर लिहिला जाईल. परत मिळालेल्या फोटोंची मूळ नावं बहुधा गेलेली असतात, पण फोटो काढल्याची तारीख फाइलच्या आत असते. ‘डेट टेकन’नुसार लावले की त्यांचा क्रम परत मिळतो.